भटूच्या चहाचा घोट

भटू गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि तोवर अख्ख्या तालुक्याला कळून चुकलं होतं. पेपरसाठी ती बातमी मीच केली. सात ओळी, एक कॉलम, फोटो नाही. पेपर घरोघरी पडला तेव्हा लोक अंत्ययात्रेहून परतले होते. त्याला पाच आठवडे झाले.

आम्ही एकाच वर्षी या कामात आलो. मी नंदुरबारच्या कार्यालयात उपसंपादक, तो धानोऱ्याचा वार्ताहर. त्याचा मजकूर एसटीने पाकिटातून यायचा, अर्धा मराठी, अर्धा अहिराणी. ‘हिरमा बादली वाजस, पानी नही’ असं त्याने लिहिलं की मी ते खोडून ‘विहिरी आटल्या’ करायचो. पुढे जाहिराती मोबाइलकडे वळल्या, पेपरने तालुक्याचं पान बंद केलं आणि भटूचं काम गेलं. त्याने स्वतःचं चॅनल काढलं. रोज सकाळी घराच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसायचा, समोर फोन उभा करायचा आणि आमचाच पेपर अहिराणीत सांगायचा. मी इतकी वर्षं खोडलेली वाक्यं लोक एकमेकांना पाठवू लागले. दिवाळीला आम्हाला अर्धं पान देणारे कापड दुकानदार त्याच्याकडे गेले. बातमी कोणाची, हे तो न चुकता सांगे. ‘हाई लिखेल शे सुधाकरनी.’ मग एकदा बाजारात एकाने मला भटूचा म्हणून ओळखून थांबवलं. ‘तुम्ही भटूभाऊना सुधाकर शेतस ना?’

मत्सर हाच शब्द बरोबर आहे. दुसरा शोधून पाहिला. त्याच आठवड्यात धानोऱ्याला जाऊन मी त्याला म्हणालो, ‘मन्हं नाव लेऊ नको.’

‘बातमी तुन्ही शे भो, मंग नाव कोनं लेऊ?’

‘कोनंच नको.’

‘बरं,’ तो म्हणाला आणि कप पुढे सरकवला. ‘चहा ते चालस ना मन्हा?’

माझ्या आईला वाचता येत नाही. ती रोज भटूला ऐकायची, हे मला माहीत होतं; का ऐकायची, ते नव्हतं. महिनाभराने तिने विचारलं, ‘तुन्ही नोकरी गई का रे? भटू तुन्हं नाव लेस नही.’ नोकरी आहे म्हणालो. ‘मंग तू काय लिखस ते माले कसं समजी?’ तेव्हा भटूला एक फोन करता आला असता... केला नाही. माझ्या आईपर्यंतही मी त्याच्याच तोंडून पोचत होतो, हे कळल्यावर तर नाहीच.

आता आई त्याचे जुने व्हिडिओ लावून मागते. नाव बंद झाल्यानंतरचे मी कधी पाहिले नव्हते. बाकीच्यांची नावं तो घेतोच आहे. माझी बातमी आली की म्हणतो, ‘हाई लिखेल शे...’ आणि थांबतो. कप उचलतो, सावकाश एक घोट घेतो, पुढच्या बातमीकडे वळतो. एकदाही चुकलेला नाही.

‘आठे तुन्हं नाव व्हतं ना रे?’ त्या घोटाकडे बोट दाखवत आई विचारते.

हो म्हणतो. मजकूर कापणं हाच माझा धंदा आहे. पण त्याच्यासारखं कापणं मला एकाही बातमीत जमलेलं नाही.