पासलीच्या पठारावरचं निशाण

लढाईत माझी पोस्टिंग इंटेलिजन्स सेक्शनला होती. नकाशा वाचायचा, होकायंत्र लावायचं आणि गस्तीच्या तुकडीला इटलीच्या डोंगरांतून नेऊन परत आणायचं. मी हवालदार, सारोळ्याचा. माझा नाईक धोंडिबा वेल्ह्याकडच्या डोंगरातला. दोघंही अंगावर ओरखडा न येता घरी आलो.

घरी मन रमेना. नांगरामागं चालताना डोकं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरचे दिशेचे अंश, मोजत बसायचं. शेवटी भोरात आम्ही दोघांनी नकाशा मंडळ काढलं आणि भोर-वेल्ह्याची तरणी माणसं गोळा केली. डोंगरात लाल निशाणं लावायची, प्रत्येकाच्या हाती नकाशा आणि होकायंत्र द्यायचं. सगळी निशाणं गाठून जो आधी परततो, तो जिंकला. लोक हसायचे. "आपल्याच डोंगरात वाट हुडकाया यंत्र कशाला वो, हवालदार?" मी सेक्रेटरी, म्हणजे परवानग्या आणि भाकरीची सोय माझ्याकडं. स्वयंसेवकांना तयार करायचं काम धोंडिबाचं.

त्याचे धडे मोजके. "होकायंत्र पोटाशी धरायचं. लोखंड लांब ठेवायचं. धुक्यात कान फसवत्यात, सुई फसवत न्हाई. इजा झाली तर जागा सोडायची न्हाई, तीन शिट्ट्या मारायच्या." पलटणीत हा गडी बेअरिंग घेण्याआधी रायफल बाजूला ठेवायचा, हेल्मेट काढायचा. तोफगोळे पडत असले तरी! मी शिव्या घालायचो, तो ढिम्म.

त्या वर्षी स्पर्धा पासलीच्या पठारावर ठेवली. भात कापणीला आलं होतं. सकाळी धुकं असं उतरलं की समोरचा माणूस दिसेना. मी स्पर्धा थांबवली, सगळ्यांना खाली बोलावलं. टोकाच्या निशाणापाशी बसवलेला स्वयंसेवक किसन तेवढा आला नाही. मग वरून तीन शिट्ट्या ऐकू आल्या.

"जातो," धोंडिबा म्हणाला.

"धुकं उठू दे."

"बेअरिंग ठावं हाय मला. शिकवलं तसं त्यो जागा धरून बसलाय. आता म्या न जाऊन कसं चालंल?"

"जा. थांबशील तिथं शिट्टी दे."

"जी."

धुकं विरळ झालं तसे आम्ही वर चढलो. किसन निशाणापाशीच होता, घोटा सुजलेला, चेहरा पांढराफटक.

"नाईक कुठंयत?" मी विचारलं.

"शिट्टी लई जवळ आलती. मंग उजवीकडं सरकाया लागली. म्या बोंबललो, हिकडं या, हिकडं! तर म्हनले, 'सुई बरुबर हाय, तू हलू नगंस.' मंग दगडं घरंगळली. मंग काईच न्हाई."

उजवीकडं कडा आहे. धोंडिबा त्याच्या तळाशी सापडला. दोरीनं गळ्यात अडकवलेलं होकायंत्र शाबूत होतं. ते मी त्याच्या पोटाशी धरलं. सुई सरकली आणि भलतीकडंच जाऊन थांबली. दोन हात मागं सरलो, तर ती जागेवर आली.

मग मला दिसला. त्याच्या कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता होता.

भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कमरेला कोयता होता. आमच्या डोंगरात माणूस सकाळी धोतर नेसतो आणि कोयता अडकवतो. त्याला लोखंड कोण म्हणणार? रायफल सरकारची होती, ती खाली ठेवायची असते हे धोंडिबाला पक्कं ठाऊक होतं. तोफांच्या माऱ्यातून वाचलेला हा माणूस त्याच्याच डोंगरात, त्याच्याच कोयत्यानं गेला. मला हे आजही खरं वाटत नाही.

मी मंडळ बंद करायला निघालो होतो. धोंडिबाची बायको चंद्राबाई भोरात माझ्याकडं आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"भावजी, बंद करू नगा. किसन जित्ता हाय, त्यो तेंच्याच शिकवण्यानं न्हवं?"

पुढच्या स्पर्धेला ती सुरुवातीच्या जागी उंबराखाली टोपली घेऊन बसली. निघण्याआधी पहिला किसन तिच्यापाशी आला, लंगडत. मग रांगेनं बाकीचे.

"हितं ठेवा," एवढंच ती प्रत्येकाच्या कमरेकडं बघून म्हणायची.

ती असेतोवर हे काम तिनं कुणाला करू दिलं नाही. संध्याकाळी जो तो आपापला कोयता उचलून घरी जायचा. तळाशी एक उरायचा. तो ती पदरानं पुसायची आणि घेऊन जायची.