जाळी काढलेली गाडी

आमच्याकडे मोटारसायकल रात्री बाहेर राहत नाही. शहापूरहून किन्हवलीकडे येताना लागणाऱ्या कुठल्याही गावात दिवेलागणीला डोकावून बघा, पडवीत गाडी उभी दिसणारच. पूर्वी जिथे बैल बांधायचे, बरोबर तिथे. बाहेर ठेवली तर कोणी पेट्रोल काढून नेतं, दव पडलं की सकाळी चालू होत नाही, आणि शेजाऱ्याची पडवीत असताना आपलीच अंगणात म्हणजे चारचौघांत काय दिसतं! सकाळी गाडी पडवीतच चालू करायची आणि तशीच घुरघुरत ठेवून आत चहा प्यायला जायचं. याला गाडी गरम करणं म्हणतात.

त्याच पडवीत आमच्या ह्यांची खाट आहे. ह्यांची उमेदीची सगळी वर्षं खडीच्या क्रशरवर गेली. क्रशर केव्हाच बंद पडला, धूळ मात्र छातीत राहिली. उशाशी दम्याचा पंप असतो. आतल्या खोलीत चुलीचा धूर सोसत नाही म्हणून पडवी; तिथे कारवीच्या कुडाच्या फटीतून थोडं वारं येतं. गाडी गरम होत असली की हे तोंडावर चादर ओढून घ्यायचे आणि भिंतीकडे कूस करायचे. एवढ्यावर निभावत होतं.

गेल्या थंडीत माझा मुलगा मुरबाडच्या कारखान्यातून घरी आला तो गावाच्या वेशीपासूनच ऐकू आला. कुत्री मागे लागली होती. अंगणात गाडी थांबवून दोनदा उगाच रेस केली आणि मला म्हणाला, "आये, जाळी काढली!"

कसली जाळी ते मला तेव्हा कळलं. सायलेन्सरच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची एक जाळी असते. इंजिनातून येणारा विषारी धूर तिच्यातून गेला की त्यातलं बरंचसं विष मरतं. म्हणजे ती कोणी शोभेला बसवलेली नसते.

"मेकॅनिक बोलला, जाळीनं गाडीचा दम कोंडतो," मुलगा सांगत होता. "आता घाट कशी चढते बघ. अन् फुकटात काढून दिली, आये. एक पैसा घेतला नाय."

गाडीचा दम कोंडतो म्हणे! बापाचा दम कोंडताना हा लहानाचा मोठा झाला, त्यावर उपाय विचारायला कधी इतक्या तातडीने कुठे गेला नव्हता. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी खाटेवरून हात केला, म्हणाले, "आल्या आल्या नको गो. जेवू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पडवीत चालू झाली. नेहमीचा वास नव्हता तो. डोळ्यांत झोंबणारा, घशात जाऊन बसणारा. मी आतून धावत आले तर हे खाटेवर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, पंप खाली जमिनीवर पडलेला आणि तो मागायलाही तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी पंप उचलून ह्यांच्या तोंडाशी धरला, मग गाडीची चावी काढली आणि सरळ अंगणात भिरकावली. मुलगा चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "काय झालं?" काय झालं! पडवीत उभं राहून हा प्रश्न विचारायला जरा जास्तच निब्बर कातडी लागते.

मी शाळेत शिकवते. फुकट हा शब्द ऐकला की मला चैन पडत नाही. मेकॅनिक कधी फुकटात नट आवळून देत नाही, मग अख्खा सायलेन्सर खोलून परत जोडून कसा दिला? शाळा सुटल्यावर मी मुरबाडला त्या गॅरेजात गेले. कोपऱ्यात एक गोणी होती, अर्धी भरलेली. आत तसल्याच जाळ्या.

"आमच्या गाडीची दे बाबा परत," मी म्हणाले.

"ती गेली, काकी. भंगारवाला येतो न्यायला. आत महागाचा धातू असतो." हे त्याने अगदी सहज सांगितलं.

"म्हणजे आमच्याच गाडीतली चीज काढून तू विकलीस, आणि वर आमच्यावर उपकार?"

"तुमचा पोरगा खूश हाय ना?" तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. हा तर बोंबही मारत नव्हता, स्टुलावर बसा म्हणत होता. मी बसले नाही.

घरी येऊन मुलाला सांगितलं, नवा सायलेन्सर घाल, नाहीतर गाडी या घरात आणू नकोस. त्याचंही डोकं फिरलं. "तुला सगळ्यातच वास येतो. बाबांना थंडीत होतोच त्रास. पीयूसी काढू. धूर मोजतात ना मशीनवर? नापास झाली तर उद्याच्या उद्या सायलेन्सर बदलतो. पास झाली तर तू एक शब्द बोलायचा नाय."

मी कबूल झाले. मशीनला ना आईची माया, ना पोराची हौस. ते खरं तेच सांगणार असं मला वाटलं. इतकी वर्षं परीक्षा घेऊनही माणूस भोळाच राहतो.

शहापूरला हायवेच्या कडेला एका पेट्रोल पंपाजवळ पीयूसीची व्हॅन उभी असते. मी गाडीवर मागे बसून गेले, नाकाला पदर लावून. व्हॅनमधल्या माणसाने नंबरप्लेटचा फोटो काढला, नळी सायलेन्सरमध्ये खुपसली आणि स्क्रीनकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याने नळी बाहेर ओढली, शेजारी त्याची स्वतःची स्कूटर उभी होती ती चालू केली आणि नळी तिच्यात खुपसली. जराशाने पावती आली. आमच्या गाडीचा नंबर, आमच्या गाडीचा फोटो, धूर त्याच्या स्कूटरचा. पास!

"हे काय केलंस?" मी ओरडले.

"पास करून दिली, मावशी."

"आमची कुठे तपासलीस? नापास झाली ना ती? मग नापास लिही!"

त्याने माझ्याकडे बघून मुलाकडे बघितलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. "मावशी, नापास मागायला आजवर कोन आला नाय. मी नापास केली तर गिऱ्हाईक फुडच्या व्हॅनला जाईल, तिथं पास होईल. मग मी इथं माश्या मारू?"

मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या. त्यातला एक म्हणाला, "ओ मावशी, पास झालात ना? पेढे वाटा अन् बाजूला व्हा!" सगळे हसले. माझा मुलगाही हसला. त्याचं ते हसणं मला अजून सलतं. शाळेत एखाद्याने शेजारच्याचा पेपर आपल्या नावावर खपवला तर मी त्याला वर्गाबाहेर उभा करते. पोरांना नापास करायचं नाही असा नियम आमच्याकडे बरीच वर्षं होता, त्यावर आम्ही शिक्षकांनी बरीच बोटं मोडली. तो मोटारसायकलींनाही लागू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"पास झाली, आये," मुलगा वाटेत म्हणाला. मी दिलेला शब्द पाळला. घरी ह्यांना मात्र सगळं सांगितलं, त्या स्कूटरसकट. हे हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

गाडी पुन्हा पडवीत गरम होऊ लागली. पंधरवडा गेला नसेल, एका सकाळी ह्यांचे ओठ निळे पडले. रिक्षा करून शहापूरला नेलं, मुलगाही बरोबर आला. डॉक्टरांनी आधी वाफ दिली. जरा बरं वाटल्यावर श्वासाचा जोर मोजायची एक प्लॅस्टिकची नळी हातात दिली. आकडे लिहिलेली, आत सरकता काटा. "काका, जोरात फुंका." ह्यांनी फुंकलं. काटा हलला न हलल्यासारखा झाला. "अजून जोरात." पुन्हा फुंकलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि काटा तिथेच.

ह्यांनी नळी तोंडातून काढली. धाप लागली होती, एकेक शब्द सुटा येत होता. मुलाकडे नळी धरून म्हणाले, "तू फुंक रे. माज्या नावावर. गाडीचं चालतंय, तर माजं का नाय चालायचं?"

डॉक्टरांना वाटलं म्हातारा गमतीत आहे. ते हसले. मुलगा हसला नाही. त्याने बापाच्या हातातली नळी घेतली, ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना, मग तशीच हातात धरून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून गाडी अंगणापलीकडे आंब्याखाली उभी असते. मुरबाडात नव्या सायलेन्सरची चौकशी केली, तर तोच मेकॅनिक म्हणाला, मिळेल, पण अख्खा घ्यावा लागेल, जाळी एकटी येत नाय. ते होईल तेव्हा होईल. तोवर सकाळी मुलगा गाडी ढकलत रस्त्याला नेतो आणि लांब जाऊन चालू करतो. तरी वारं धूर आमच्याच बाजूला आणतं. पास झाल्याची ती पावती गाडीच्या डिकीत आहे, अजून पुष्कळ महिने चालणारी. आणि हे खाटेवर बसून असतात, तोंडावर ओला टॉवेल दाबून, आवाज लांब गेला का ते मला डोळ्यांनी विचारत.