‘कमी पडणे’: वाक्यात उपयोग करा

शेणव्याच्या शाळेत मी बारा वर्षं मास्तर होतो. असले किस्से मी काही गोळा केले नाहीत. धोतराला कुसळं चिकटावीत तसे चिकटले. आता बसल्या बसल्या एकेक काढतो. त्यातले बरेचसे एकाच क्रियापदाचे निघतात: कमी पडणे!

मोठ्या माणसांचा वर्ग दुपारी शाळेच्या ओट्यावर भरायचा. मी अर्थ सांगितला, "अपेक्षेइतकं न पुरणं. आता वाक्यात उपयोग करा."

साठीचा धावजी सगळ्यात पुढे. म्हणाला, "मी आंब्यावरना कमी पडलो."

"म्हणजे काय, धावजीबाबा?"

"खालच्या फांदीवरना पडलो, मास्तर. शेंड्यावरना पडलो असतो तं जास्त पडलो असतो!"

यात चूक काय ते कसं समजवावं, मला अजून सुचलेलं नाही.

पुढे तपासणीला साहेब आले. बैलगाडीने हाडं खिळखिळी झालेली. "शाळेत काय कमी पडतं?"

"छप्पर, साहेब."

त्यांनी वर पाहिलं. आभाळ दिसलं. मग शेरेबुकात लिहिलं, ‘मास्तरांचा उत्साह कमी पडतो.’

मुरबाडला आई एकटी होती, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बदली मागितली. उत्तर आलं, ‘कारणे कमी पडतात.’ मी सात कारणं लिहिली. आईने अंथरूण धरलंय, हेही लिहिलं. उत्तर आलं, ‘लढाईमुळे कागद कमी पडतो. अर्ज थोडक्यात करावा.’

थोडक्यात केला. बदलीचा हुकूम आला तेव्हा आई नव्हती.

असो. गोमाचं सांगतो. त्याच वर्गातला, कधी तोंड न उघडणारा शेतकरी. लढाईत कापड मिळेनासं झालं होतं, तेव्हाची गोष्ट. त्याने पाटीवर लिहिलं, ‘लुगडं कमी पडलं.’

मी म्हटलं, "कुणाला? कधी? वाक्य पुरं कर."

तो पाटीकडे बघत म्हणाला, "पोरीच्या लग्नात, मास्तर. घरात एकच धड लुगडं. बायकोनं ते पोरीला नेसवलं, आन सोता आतच बसून ऱ्हायली. मांडवात आलीच नाय."

गोमाने पाटी माझ्यापुढे धरली.

"मंग ‘लुगडं कमी पडलं’ ल्हेवू, का ‘मी कमी पडलो’?"