सुताच्या दोरातली डावी गाठ

भूतबित मी कधी मानलं नाही. देवाले हात जोडले तेही बायकोच्या धाकानं. चौथी शिकलेला माणूस आहो, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... पण हे माह्या डोळ्यांदेखत झालं, भर दुपारी!

नागपूर, महाल भागाच्या पलीकडं आमची कोष्ट्यांची गल्ली. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तो उन्हाळा. माही बायको सरस्वती होळीच्या आधी गेली. तिचं अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच होतं. मी काढूच दिलं नाही. अन् त्या मागाच्या बरोबर वर, कौलांवर, जुना कडुनिंब झुकलेला.

पोरानं विमावाला आणला. तो वर पाहून म्हणाला, "काका, पहिले झाड पाडा, मग घराचा विमा. पाडताना घरावर आलं तर काही भेटणार नाही."

लकडगंजहून शामराव लाकूडतोड्या चार गडी घेऊन आला. झाड गल्लीकडं ओढाले तो काथ्याचा जाड दोर आणणार होता. मी आडवा आलो — सरस्वती गेल्यावर झोप येत नव्हती, तवा उरल्यासुरल्या सुताचा दोर वळला होता मी. तो घरात असताना काथ्या काहून?

शामराव हसला. "बाबाजी, लुगडं नाही विणाचं, झाड पाडाचं आहे."

मी ऐकलं नाही. कोष्ट्याची अकड, दुसरं काय!

बुंधा अर्धा कापला. चौघं दोर ओढून राहिले... अन् फाटकन तुटला! दोन तुकडे, मी पाहिले ना. चौघंही आपटले. झाड कौलाकडं निघालं. माह्या तोंडून निघालं, "सरस्वते, तुहा माग गेला वं!"

झाड थांबलं. अधांतरी! दोर ताठ झाला — धरलेला कोणीच नाही — अन् झाड गरकन फिरून गल्लीत आडवं. एक कौल फुटलं नाही!

शामरावनं दोर उचलला. दोर सलग, मधोमध गाठ. तुटला धागा आम्ही कोष्टी जोडतो तीच गाठ, पण शेंडा डावीकडं वळलेला.

"ही कोणं मारली गा?" त्यानं गाठीवर बोट ठेवलं.

सरस्वती डावरी होती. अख्ख्या गल्लीत तशी गाठ तिचीच.

घराचा विमा झाला. पोरगा म्हणते, दोर वळताना तुम्हीच मारली असंल. मी उजव्या हाताचा माणूस, कशी मारू? उलगडा मले आजही नाही. तो म्हणते, सोडून पाहा एकदा. दोर हातात घेतो, अन् पुन्हा पेटीत ठेवून देतो. तिनं बांधलेलं मी काहून सोडू?