मोरेकाकांचं लॉगिन

यंत्र कुणालाच विसरत नाही, असं आमच्या कार्यालयात गंभीरपणे सांगतात. कुणी कधी लॉगिन केलं, काय उघडलं, सगळ्याची नोंद होते. त्या नोंदी तपासणाऱ्या सुनीताबाई परवा पडद्यासमोर थबकल्या. मोरेकाकांना जाऊन महिना झाला होता, तरी ते रोज दहाच्या ठोक्याला लॉगिन करत होते. हयातीत त्यांना ते कधी जमलं नव्हतं.

"काकांचा पासवर्ड कोण वापरतं?"

"आम्ही सगळेच," आवक-जावकचे देशमुख म्हणाले. "बंद करू नका हो बाई. आमचे पासवर्ड कुणाला आठवतायत?"

पूर्वी माणूस गेला की खुर्ची रिकामी व्हायची. आता कुणाला तरी बटण दाबून त्याला बंद करावं लागतं. वीस वर्षं काकांच्या डब्यातलं खाल्लेल्या बाईंनी डोळे पुसले आणि बटण दाबलं.

तासाभरात खातं पुन्हा सुरू करण्याचा अर्ज आला. खाली मोरेकाकांची सही होती.