बिनऔषधाची रोपं

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते शेवटचे दिवस. बंद पुकारला की आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कुलूप लागायचं, म्हणून प्रयोगाची टोमॅटोची रोपं मी चिकलठाण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणून ठेवली होती. गंगापूरकडच्या आमच्या वस्तीवर दगडफेक झाल्यापासून आईही तिथंच होती. आम्हाला पाय पसरायला जागा नव्हती, कुंड्यांचा मात्र थाट होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी शेवटची संधी दिलेली. हा प्रयोग फसला की माझं संशोधन संपलं.

निम्म्या रोपांच्या खालच्या पानांवर मी सॅलिसिलिक आम्ल फवारलं, निम्म्यांवर नुसतं पाणी. हे आम्ल म्हणजे झाडाचं स्वतःचंच संप्रेरक, डोकेदुखीच्या गोळीचं सख्खं भावंड. ते लागलं की झाडभर निरोप जातो, निजलेली जनुकं जागी होतात आणि रोगाशी लढणारी प्रथिनं बनू लागतात. मग सगळ्याच रोपांवर करप्याची बुरशी सोडली. पाण्याची रोपं करपायला हवी होती. एकही करपलं नाही. एक तर बुरशी मेलेली होती, नाहीतर माझं डोकं. मी रडकुंडीला आले.

"रडती कशाला? समदी जगली की," आई म्हणाली. "तू रॉकेलच्या रांगेत व्हतीस तवा बाकीच्यांनाबी मीच औषध मारलं. बाटलीत उरलं व्हतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं आई, त्यांना द्यायचंच नव्हतं! ती करपली तरच कळतं, औषध लागू पडलं का नाय ते!"

"त्यांनी काय पाप केलं व्हतं?"

"कुणाला तरी बिनऔषधाचं ठेवावंच लागतं."

"कुणाला ठेवायचं ते कोण ठरवतं?"

"मी."

ती उठून स्टो पेटवायला लागली. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला.

सरांना कळायच्या आत मी पुन्हा रोपं लावली आणि बाटली पेटीत कुलपात ठेवली. या खेपेला पाण्याच्या रोपांवर काळे डाग पडले, पानं गळाली. फवारलेली हिरवी राहिली. सर खूश झाले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? धावतपळत घरी सांगायला आले, तर आई करपलेल्या रोपांना पाणी घालत होती.

"ह्यांच्याच जिवावर पास झालीस ना?" तिनं विचारलं.

व्हय म्हणताना मला लाज वाटली.