नियामकाच्या नावाने आलेला फोन

मी श्रीकांत परब, वाणिज्य पदवीधर, डिलाईल रोडचा रहिवासी. आज सकाळची घटना आपणांस सावध करण्यासाठी लिहीत आहे.

शेजारच्या सावंतकाकूंचे यजमान अतिदक्षता विभागात होते. विचारपूस करायला गेलो, तर काकूंचा मोबाइल कालपासून बंद.

“दूरसंचार नियामकाकडून फोन आला होता, श्रीकांता. माझ्या नंबरावरून गुन्हा झालाय म्हणाले. घाबरून बंदच करून टाकला.”

“काकू, नियामक कंपन्यांवर देखरेख ठेवतो. तो तुम्हाआम्हाला फोन करत नाही.”

त्यांनी मोबाइल सुरू केला. रुग्णालयाच्या मिस्ड कॉलचे संदेश एकामागून एक आले. मी उलट फोन लावला. काका पहाटेच गेले होते.

“म्हणजे खरे फोन हे होते रे?” काकूंनी विचारले.

नियामक काय करतो, काय करत नाही, हे आपल्या घरातल्या वृद्धांना आपण सांगितले आहे का?

श्रीकांत परब
डिलाईल रोड, मुंबई, सोमवार